मोटारसायकल, संगीत आणि कानाचा पहारा

मनुष्यास संगीताची आवड उपजतच आहे. जात्यावर बसलेली गृहिणी, भाताची लावणी करणारा शेतकरी आणि समुद्रांत जाळें ओढणारा खलाशी हे सर्व आपापल्या कामाचे श्रम गाण्याच्या योगानें हलके करीत आले आहेत. परंतु त्या गाण्यांत आणि आजच्या संगीतश्रवणांत एक मोठा भेद आहे. पूर्वीं काम करणारा मनुष्य स्वतःच गात असे. त्याचें गाणें कामाच्या तालावर चाले आणि काम अडलें कीं गाणेंहि थांबे. पुढें यंत्रें आलीं. इ. स. १८७७ मध्यें एडिसन ह्यानें फोनोग्राफ सिद्ध केला. १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजान ह्या गायिकेच्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. १९२७ च्या जुलै महिन्यांत मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. आणि १९७९ मध्यें जपानांतील सोनी कंपनीनें अंगावर बाळगतां येणारा ‘वॉकमन’ बाजारांत आणला. अशा रीतीनें सुमारें शंभर वर्षांत संगीत प्रथम दिवाणखान्यांत, मग खिशांत आणि शेवटीं थेट कानाच्या पोकळींत येऊन बसलें. हल्लीं तें मोटारसायकलवरहि स्वार झालें आहे. तें तेथें असावें कीं नसावें, आणि नसावें तर कां, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. इ. स. २०२२ ह्या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर झालेल्या अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, असें केंद्र सरकारच्या अहवालांत नमूद आहे. आणि त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक लोक दुचाकीवरचे होते. हे सर्व गाणीं ऐकत होते असें म्हणण्याचा हेतु मुळींच नाहीं. भरधाव वेग, मद्यपान, खराब रस्ते, शिरस्त्राणाचा अभाव अशीं कारणें अनेक आहेत. परंतु ज्या वाहनावर बसणाऱ्याच्या भोंवतीं लोखंडी पेटी नाहीं, कमरेस पट्टा नाहीं आणि तोल सांभाळावयास दोनच चाकें आहेत, त्यावरील मनुष्यानें आपलें एक इंद्रिय स्वखुषीनें गहाण ठेवावें काय, हा प्रश्न ह्या आंकड्यांमुळें गंभीर होतो.

मिरकरवाड्याचेंच उदाहरण घेऊं. रत्नागिरीच्या ह्या मच्छीमारी बंदरांत नौका परत आल्या म्हणजे जेटीकडून शहराकडे जाणारा रस्ता पाहतां पाहतां भरून जातो. बर्फाचे टेंपो, सुरमई-बांगड्याच्या टोपल्या नेणाऱ्या रिक्षा, डोक्यावर पाटी घेतलेल्या मासळीविक्रेत्या स्त्रिया, शाळेस निघालेलीं मुलें आणि ह्या सर्वांतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली! टोपल्यांतून गळलेल्या पाण्यानें रस्ता जागोजाग निसरडा झालेला असतो. अशा ठिकाणीं स्वाराची नजर पुढच्या चार हातांवर खिळलेली असते व तशी ती असलीहि पाहिजे. मग मागून येणारा टेंपो, शेजारच्या गल्लींतून धांवत येणारें मूल आणि ‘बाजूस व्हा’ म्हणून कोणीं मारलेली हांक ह्यांची वर्दी त्यास कोण देतो? ती कानच देतो. जून व जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हां नौका विसांवा घेतात. मोटारसायकलीस मात्र अशी सुटी नाहीं. उलट त्याच दिवसांत पावसानें दिसणें कमी होतें आणि कानाचें काम वाढतें.

ह्या बंदरांतील दर्यावर्दी लोकांस कानाचें महत्त्व कोणीं नव्यानें शिकवावयास नको. अनुभवी तांडेल इंजिनाच्या आवाजांत किंचित् फरक पडला तरी तो ओळखतो. समुद्रावरील टकरी टाळण्याकरितां १९७२ सालीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांतील पांचव्या नियमानें प्रत्येक नौकेवर सदासर्वकाळ योग्य पहारा असावा असें ठरविलें आहे. आणि हा पहारा केवळ डोळ्यांनीं नव्हे, तर डोळ्यांनीं व कानांनीं ठेवावयाचा आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. धुकें किंवा मुसळधार पाऊस ह्यांमुळें दिसेनासें झालें, तर यंत्रावर चालणाऱ्या नौकेनें दर दोन मिनिटांच्या आंत एक दीर्घ शिटी वाजवावी असाहि नियम आहे. संकटांत सांपडलेल्या नौकेची हांक ऐकूं यावी म्हणून व्ही. एच. एफ. रेडिओची सोळावी वाहिनी मोकळी ठेवण्याची जागतिक रीत आहे. त्या वाहिनीवर गप्पा मारावयाच्या नसतात, मग गाणीं तर दूरच! मोटारसायकलस्वाराचे दोन कान म्हणजे त्याची सोळावी वाहिनीच होय. तीवर संगीत लावून ठेविलें तर संकटाची हांक यावी कोणत्या वाटेनें?

डोळा आणि कान ह्यांच्या कामांत जो निसर्गसिद्ध भेद आहे, तो समजून घेतला म्हणजे हा विचार अधिक स्पष्ट होईल. डोळा समोरचेंच पाहतो. कान चहूंकडचें ऐकतो. शिवाय प्रकाश सरळ रेषेंत जातो आणि ध्वनि वळतो. कोणतीहि लहर आपल्या लांबीइतक्या किंवा तीहून लहान अडथळ्यास सहज वळसा घालते. प्रकाशलहरीची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारें दोनहजाराव्या भागाइतकी सूक्ष्म असते. उलट ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीपैकीं सेकंदास १०० कंपनें असलेल्या ध्वनीची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते. म्हणूनच आरे-वारे मार्गें गणपतीपुळ्यास जातांना किंवा आंबा घाट चढतांना वळणापलीकडील वाहन दिसण्यापूर्वीं ऐकूं येतें. डोंगराची कड डोळ्यास अडविते, पण कानास तितकी अडवीत नाहीं. घाटांतील वळणावर भोंगा वाजविण्याची जी सूचना लिहिलेली असते, तिचें मर्म हेंच. अर्थात् ती सूचना दोघांकरितां आहे: एकानें वाजवावें आणि दुसऱ्यानें ऐकावें.

निसर्गानें मनुष्यास कान दोन दिले, तेहि सहेतुक आहे. उजवीकडून येणारा ध्वनि उजव्या कानास आधीं व डाव्या कानास किंचित् मागाहून पोंचतो. हें अंतर फार तर एका सेकंदाच्या पंधराशेव्या भागाइतकें असतें; तरीहि मेंदू तेवढ्यावरून ध्वनीची दिशा ठरवितो. त्याशिवाय डोक्याच्या आडोशामुळें दूरच्या कानास बारीक स्वर मंद ऐकूं येतात, त्याचाहि उपयोग होतो. लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ मध्यें हें विवेचन केलें. ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. ‘मी एकाच कानांत इयरफोन घालतों, दुसरा मोकळा असतो,’ असें म्हणणारा स्वार आवाज ऐकेल. परंतु तो कोणत्या बाजूनें आला हें ठरविण्यांत फसण्याचा संभव राहील. आणि आवाज डावीकडचा असतां उजवीकडचा वाटला, तर ऐकूं आल्याचा उपयोग तो काय?

आतां थोडा हिशेब करूं. एक स्वार ताशीं ४० किलोमीटर वेगानें जात आहे आणि मागून ताशीं ८० किलोमीटर वेगानें एक ट्रक येत आहे. दोहोंमधील अंतर सेकंदास सुमारें ११ मीटर ह्या वेगानें कमी होत असतें. ट्रकचा आवाज ५५ मीटरवरून ऐकूं आला तर स्वारास पांच सेकंद मिळतील. तेवढ्यांत आरशांत पाहणें, वेग आवरणें व कडेस होणें हें सर्व होऊं शकतें. तोच आवाज गाण्याखालीं दबून ११ मीटरवर येईपर्यंत कळला नाहीं, तर हातीं एकच सेकंद उरतो. आणि बहुतेक माणसांस धोका ओळखून हातपाय हालविण्यासच जवळजवळ तितका वेळ लागतो. संगीतानें हिरावून घेतलेले ते चार सेकंद मागाहून कोणी परत देऊं शकत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘गाणें हळू आवाजांत लावलें म्हणजे झालें.’ परंतु मोटारसायकलवर तें सहसा साधत नाहीं, आणि ह्याचें कारण वारा. ताशीं साधारण ६५ किलोमीटरच्या पुढें स्वाराच्या कानाशीं इंजिनापेक्षां वाऱ्याचाच आवाज मोठा होतो, व वेगाबरोबर तो वाढत जाऊन ९० डेसिबल आणि त्याच्याहि पुढें जातो. डेसिबल हें ध्वनीचें माप वजनकाट्यासारखें नाहीं. त्यांत १० ची वाढ झाली म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते, आणि ३ ची वाढ झाली म्हणजे दुप्पट. वाऱ्याचा घोंगाट बहुतांशीं खर्जांतला असतो, व खर्जांतला मोठा आवाज वरच्या स्वरांस झांकून टाकतो. त्यामुळें गाणें ऐकूं येईना कीं स्वाराचा हात आवाज वाढविण्याकडे जातो. गाडीचा वेग वाढला कीं वारा वाढतो, आणि वारा वाढला कीं गाणें वाढवावें लागतें. ह्या स्पर्धेंत हरतो तो कान.

हें हरणें किती महाग पडतें तेंहि पाहूं. अमेरिकेंतील श्रमिकांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेनें ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून आठ तास ही मर्यादा मानिली आहे, आणि दर ३ डेसिबलांमागें वेळ निम्मा करावा असें सांगितलें आहे. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास व ९४ ला एक तास. आतां कानाशीं वाऱ्याचा आवाज ९१ डेसिबल आहे आणि गाणें ऐकूं यावें म्हणून स्वारानें तेंहि ९१ डेसिबलवर नेलें, तर दोहोंची बेरीज ९४ होते. अर्थात् दोन तासांची मर्यादा एका तासावर येते. रत्नागिरीहून कोल्हापूरपर्यंतचा प्रवास तर त्याहून कितीतरी अधिक वेळाचा आहे. कानाच्या आंतील शंखाकृति भागांत ध्वनीचें ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केंसाळ पेशी असतात. त्या प्रत्येक कानांत सुमारें पंधरा हजारच असून एकदां नष्ट झाल्या म्हणजे मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. प्रथम वरचे बारीक स्वर जातात. मग संभाषणांतील ‘स’, ‘फ’ अशीं अक्षरें नीट उमगेनाशीं होतात. आणि ज्या संगीतासाठीं एवढा खटाटोप केला, त्याचीच गोडी शेवटीं कमी होते!

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिरस्त्राणानेंहि कान झांकतात, मग तेंहि टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. शिरस्त्राण डोकें वांचवितें; १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें तें आवश्यक ठरविलें असून १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांचें शिरस्त्राण भारतीय मानक चिन्हाचेंच असलें पाहिजे असा नियम आहे. शिवाय शिरस्त्राणानें किंवा दूरच्या प्रवासांत कांहीं स्वार वापरतात त्या साध्या कर्णबोळ्यानें वाऱ्याचा घोंगाट आणि भोंग्याचा आवाज हे दोन्ही कमी होतात; त्यांचें परस्परांशीं प्रमाण फारसें बिघडत नाहीं. म्हणून भोंगा वाऱ्यांतून ओळखतां येतो. संगीताची गोष्ट निराळी. तें भोंग्याचा आवाज तसाच ठेवून त्याच्या विरुद्ध बाजूस नवी भर टाकतें. पडदा थोडा ओढून घेणें वेगळें आणि खिडकींत दुसरेंच चित्र टांगणें वेगळें.

चित्र टांगणें असें म्हणण्याचें आणखी एक कारण आहे. ऐकण्याचें काम कान करतो, परंतु लक्ष देण्याचें काम मन करतें. आणि मन एका वेळीं फार थोड्या गोष्टींकडे लक्ष देऊं शकतें. कॉलिन चेरी ह्या शास्त्रज्ञानें १९५३ मध्यें कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत माणसांच्या दोन कानांत दोन निरनिराळीं भाषणें एकाच वेळीं ऐकविण्यांत आलीं व एकाच भाषणाकडे लक्ष देण्यास सांगण्यांत आलें. दुसऱ्या कानांतील भाषण मध्येंच इंग्रजीऐवजीं जर्मन भाषेंत सुरू झालें, तरी तें ऐकणारांच्या ध्यानांत आलें नाहीं! कान उघडे होते, ध्वनि आंत जात होता. पण मनाचें दार लागलेलें होतें. हाडांतून ध्वनि पोंचविणारीं आणि कानाचें छिद्र मोकळें ठेवणारीं नवीं साधनें निघालीं आहेत. त्यांनीं कान मोकळा राहील. मन मोकळें राहीलच असें नाहीं. संगीताच्या लयीचाहि परिणाम होतो. इस्रायलमधील वॉरन ब्रॉडस्की ह्या संशोधकानें २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मोटार चालविण्याचा आभास उत्पन्न करणाऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसांस संथ, मध्यम व द्रुत लयीचें संगीत ऐकविण्यांत आलें. लय वाढली तशी त्यांची गाडी वेगानें जाऊं लागली आणि तांबडा दिवा ओलांडण्यासारख्या चुका वाढल्या. द्रुत लयींत पाय आपोआप ताल धरतो, हें आपण भजनांत नेहमीं अनुभवतों. मोटारसायकलवर तालास लागणारा हात मात्र वेग वाढविणारा असतो.

प्रतिपक्षाचेंहि ऐकून घेणें न्याय्य होईल. मोटारींत बसून लोक खुशाल रेडिओ ऐकतात, मग दुचाकीस्वारानेंच काय अपराध केला, असें कोणी विचारतील. उत्तर असें कीं, बंद मोटारींत वाऱ्याचा घोंगाट कमी असल्यामुळें मंद आवाजांत गाणें ऐकतां येतें आणि चूक झाली तरी भोंवतीं पत्र्याची पेटी असते. दुचाकीवर ह्या दोन्ही गोष्टी नाहींत. दुसरा आक्षेप असा कीं, संगीतानें झोंप उडते. परंतु झोंप येत असतां गाडी थांबवून विसांवा घेणें हाच खरा उपाय होय. गाण्यानें डोळे उघडे राहिले तरी थकलेलें मन ताजें होत नाहीं. तिसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. बधिर व्यक्तींसहि वाहन चालविण्याचा परवाना मिळूं शकतो आणि त्या उत्तम वाहन चालवितात; मग कान इतका आवश्यक कसा? ह्याचें उत्तर असें कीं, अशा व्यक्तीनें जन्मभर कानाचें काम डोळ्यांस शिकविलेलें असतें; ती आरशाकडे वारंवार पाहते, हालचाली लांबून टिपते. ज्याचा सारा भरंवसा कानावर आहे, त्यानें तासाभरापुरते ते बंद केले म्हणजे त्याच्या डोळ्यांस तें शिक्षण एकाएकीं कोठून मिळणार?

कायद्यानेंहि ह्या विषयाकडे लक्ष दिलें आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ मध्यें जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें वाहन चालवितांना हातांत धरून वापरावयाच्या संपर्कसाधनांचा उपयोग करणें धोकादायक चालविण्यांत मोडतें. तेव्हां चालत्या गाडीवर गाणें बदलण्यासाठीं खिशांतून फोन काढणारानें आपण कोणत्या पायरीवर उभे आहों हें ओळखावें. फ्रान्समध्यें १ जुलै २०१५ पासून चालकास, मग तो सायकलवरचा असो वा मोटारसायकलवरचा, कानांत इयरफोन घालण्यास मनाई आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत दोन्ही कानांत इयरफोन घालून वाहन चालविणें निषिद्ध आहे. कित्येक तरुण इयरफोनऐवजीं गाडीवरच कर्णा बसवितात. त्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. आपल्या आवडीचें गाणें आजारी शेजाऱ्याच्या खिडकींत फेंकण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस मोटारसायकल चालविण्याचा परवाना मिळण्यास अद्याप अवकाश आहे. तो अठराव्या वर्षीं मिळतो. परंतु वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या मागें बसण्याचा प्रसंग रोजचाच असतो. मागें बसणाऱ्यासहि कर्तव्य आहे. त्यानें कानांत गाणें घालून न बसतां पहारा वांटून घ्यावा. मागून मोठें वाहन आलें तर हळूच खांद्यास स्पर्श करून सांगावें. स्वारानें निघण्यापूर्वींच वाट पाहून घ्यावी, फोन खिशांत ठेवावा आणि वाटेंत तो पाहण्याची गरज पडलीच तर गाडी कडेस लावावी. कानास दुसरें काम नसेल तर तो गाडीचीहि बित्तंबातमी देतो. साखळी सैल झाली, खिळा सुटला, ब्रेक घासूं लागला, चाकांतील हवा कमी झाली, ह्यांपैकीं पुष्कळ गोष्टी डोळ्यांआधीं कानास कळतात.

आणि ज्यास खरोखर संगीत हवें आहे, त्यानें तर हा मोह अवश्य टाळावा. चांगल्या गायनांत तंबोऱ्याची आंस, मींडेचा नाजूक ओघ आणि दोन स्वरांमधील शांतताहि ऐकावयाची असते. ताशीं साठ किलोमीटरच्या वाऱ्यांत ह्यांतील कांहींच शिल्लक राहत नाहीं. राहतो तो केवळ ठेका. असें ऐकणें म्हणजे अर्धें गाणें आणि अर्धा प्रवास ह्या दोहोंसहि मुकणें होय. मिरकरवाड्याची नौका दर्यावर असतांना तांडेल पहारा ठेवतो, आणि धक्क्यास लागून दोर बांधल्यावर खलाशी निवांतपणें गातात. हाच क्रम रस्त्यावरहि योग्य आहे. गाडी स्टँडवर लावावी, शिरस्त्राण काढावें, आणि मग खुशाल हवें तें गाणें ऐकावें. तोंवर कान पहाऱ्यावर असूं द्यावे; घरीं वाट पाहणाऱ्या माणसांचा त्यांवर हक्क आहे.